आत्याचे कान आणि दारातली चार फूट

बासष्ट साली चीनशी युद्ध झालं, त्याची आमच्या घरातली एकमेव निशाणी म्हणजे आत्याचे मोकळे कान. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. बदलापूरजवळच्या खेड्यातली शाळा, गुरुजींनी टेबलावर पंचा पसरलेला, आणि देशासाठी ज्याला जे जमेल ते त्यात टाकायचं. कुणी तांब्या टाकला, कुणी चांदीचं करदोट्याचं टोक. आत्यानं दोन्ही कानांतल्या कुड्या काढल्या आणि टाकल्या. त्या कुड्या तिच्या आईनं भाताच्या एका अख्ख्या हंगामावर केलेल्या होत्या. घरी आल्यावर आत्याला जो मार बसला तो ती अजून हातवारे करून सांगते, आणि सांगताना हसून हसून तिला ठसका लागतो.

मार खाऊन झाल्यावर तिनं अंगणात उभं राहून, शेजारपाजारचे सगळे जमलेले असताना, जाहीर केलं की जोवर आपली जमीन परत येत नाही तोवर कानात काही घालणार नाही. मला विचाराल तर हा पण तिनं चीनवर रागावून केला नव्हता, आईवर रागावून केला होता. पण केला तो केला. लग्नातसुद्धा ती मोकळ्या कानांनी उभी राहिली. सासरच्यांना वाटलं माहेर चिंगूस आहे. कानाची भोकं कधीच बुजली.

माझी आई मी सहावीत असताना गेली. त्यानंतर मला आत्यानं वाढवलं, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात. माझ्या लग्नात आईच्या जागी तीच होती. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मला सगळ्या खरेदीच्या गडबडीत एकच गोष्ट मनापासून हवी होती: आत्यानं त्या दिवशी कानात काहीतरी घालावं. मोती चालेल, खडा चालेल, अगदी प्लास्टिकचं फूलसुद्धा चालेल. ती पंच्याहत्तरी ओलांडून गेली होती आणि ती तशीच, मोकळ्या कानांनी जाईल या विचारानं मला रडू यायचं. मग स्वतःचाच राग यायचा. मग मी तिच्यावर ओरडायची.

"आत्या, पुरे झालं आता!"

"जमीन आली का?"

"नाही आली."

"मंग ओरडतेस कनाला?"

दर रविवारी मी बदलापूरच्या मांजर्लीहून तिच्याकडे जायची आणि दर रविवारी आमचं हेच संभाषण व्हायचं. ती रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते. सगळ्या पक्षांना ती सारख्याच शिव्या देते, त्यात भेदभाव नाही. दर वर्षी एक पोस्टकार्ड ती दिल्लीला पाठवते: "जमीन किती आली ते कळवावे." सरकारं आली, गेली, पोस्टकार्डाचा मजकूर तोच. इतक्या वर्षांत एकदाच छापील उत्तर आलं, की आपलं पत्र मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. तो कागद तिनं देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय. संबंधित विभाग म्हणजे कोण, हे देवालाच ठाऊक असणार असं तिचं म्हणणं.

मध्यंतरी त्या चिनी शेजाऱ्यानं आपल्या डोंगरांना आणि नद्यांना परस्पर नवी नावं ठेवल्याची बातमी आली. आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत वाचली. "आपल्या पोराचं बारसं शेजारीण करते का गो?" म्हणाली. मी हसले आणि तिथेच माझी चूक झाली. तिचं ते वाक्य, कुड्या, पंचा, मार, पण, सगळं मी फोनवर टाईप करून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. माझा हेतू एवढाच, की पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण जरा थांबावं. भांडण थांबलं नाही, पण मजकूर निघाला. बदलापूरहून अंबरनाथ, अंबरनाथहून उल्हासनगर. चौथ्या दिवशी तो माझ्याकडेच परत आला तेव्हा त्यात आत्यानं पंचवीस तोळे दान केले होते आणि तिचे वडील सैन्यात होते. आमचे आजोबा आयुष्यात कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते.

पाचव्या दिवशी आत्याच्या दारात भावी नगरसेवक हजर झाले.

हे भाऊ भावी कधीपासून आहेत ते कॅम्प पाचमध्ये सगळ्यांना माहीत आहे. निवडणूक पुढे ढकलत ढकलत इतकी वर्षं रखडली की त्यांच्या फलकावरचे केस काळेच राहिले आणि डोक्यावरचे पिकले. तेवढ्या काळात त्यांनी तीन पक्ष बदलले. फलक नवा करायचा म्हणजे उगाच कापड वाया, म्हणून वरच्या नेत्यांच्या फोटोंवर ते नवे नेते चिकटवायचे. पाऊस आला की नव्या नेत्याचा एक कोपरा सुटायचा आणि खालून जुन्या नेत्याचा कान दिसायचा.

भाऊंना यायला फार चालावं लागलं नाही, कारण त्यांचं जनसंपर्क कार्यालय आत्याच्या अंगणातच आहे. म्हणजे सुरुवातीला तसं नव्हतं. सुरुवातीला समोरच्या मोकळ्या जागेत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि झेंडा होता. एका गणपतीत मांडव आला, तो गणपती गेल्यावरही राहिला. मग मांडवाला पत्रा लागला. मग पत्र्याखाली लाद्या बसल्या. दर खेपेला थोडंसं पुढे, आणि विचारलं की "तात्पुरतं आहे आज्जी". असं करत करत त्यांनी आत्याच्या अंगणातली चार फूट घेतली. तिची तुळस आता खिडकीच्या गजांना टेकून उभी होती. तक्रार करायला मी वॉर्ड ऑफिसात गेले होते. तिथला साहेब म्हणाला, मोजणी करावी लागेल, आणि तोवर दोन्ही बाजूंनी सामंजस्यानं घ्या. मी टेबलावरचा पेपरवेट उचलून उलटा केला आणि परत ठेवला. फेकला नाही, ही माझी मोठी कमाई.

उलटा करण्याचं सांगायला हवं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं आहे. आत आलेला प्रत्येक माल उलटा करून तो कुठला, हे बघणं माझं काम. बेअरिंग, स्विच, हातमोजे, स्क्रू. बहुतेक सगळं त्या एकाच देशातून येतं आणि बहुतेक वेळा ते चांगलं चालतं, त्याचा मला जास्त संताप येतो. ही खोड घरीही सुटत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी मी वाण उलटं करते. मुलगी म्हणते, बाबांना बघायला गेलीस तेव्हा त्यांनाही उलटं केलं असशील.

तर भाऊ आले. हात जोडले. रविवारी चौकात शेजारी देशाच्या मालावर बहिष्काराची सभा आहे, त्यात आज्जींचा जाहीर सत्कार करायचाय, आणि सत्कारात भाऊ स्वतः आज्जींना कानातलं घालणार. साठ वर्षांची तपश्चर्या फळाला.

"पण जमीन आली का?" आत्यानं विचारलं.

"येणारच आहे आज्जी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आपलं वरपर्यंत बोलणं चालू आहे."

मी दारात उभी राहून नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "येते." मला वाटलं, थकली बिचारी. मग वाटलं, बरंच झालं, कानात घालेल तरी. मग वाटलं, माझ्या आत्याचा असा तमाशा होणार आणि तो मीच मांडला. त्या आठवड्यात मला झोप नव्हती.

सभा सकाळी अकराची होती, दीडला सुरू झाली. व्यासपीठावर भाऊ, आत्या, नातेवाईक म्हणून मी, आणि जिथे तिथे भाऊंचे फोटो. आधी शेजारी देशाच्या नावानं घोषणा झाल्या. मग एका जुन्या टीव्हीवर हातोडा मारायचा कार्यक्रम होता. टीव्ही फुटेना. तीन कार्यकर्ते आळीपाळीनं घाव घालत होते आणि टीव्ही शांतपणे उभा. शेवटी तो बाजूला ठेवून पुढचा विषय घेतला. आत्या माझ्या कानात म्हणाली, "मजबूत हाय गो." मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबावा लागला.

मग सत्कार. शाल, नारळ, आणि तबकात मखमलीची छोटी डबी. भोकं बुजलेल्या कानांना चालतात तसे दाबून बसवायचे कानातले, मधोमध लाल खडा. भाऊंनी डबी कौतुकानं माझ्या हातात दिली, उघडा म्हणाले. मी उघडण्याआधी ती उलटी केली. दुसरं काही करणं मला शक्यच नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आणि मी ते हळूच पण स्पष्ट वाचलं. माईक माझ्या हनुवटीसमोर होता.

"मेड इन चायना."

मग मागून प्रतिस्पर्धी भावी नगरसेवकाचा कुणीतरी ओरडला, "वा रे बहिष्कार!" आणि शंभरेक फोन वर आले. भाऊंचा चेहरा पडला. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी डबी सगळ्यांना दिसावी म्हणून उंच धरली.

पुढच्या रांगेतून एक गृहस्थ धडपडत व्यासपीठावर चढले. कॅम्प तीनमधले कानातल्यांचे सिंधी व्यापारी, डबी त्यांच्याच दुकानातून आली होती. घामाघूम झाले होते. त्यांनी माझ्या हातून डबी घेतली आणि माईक धरला.

"साईं, चायना का नहीं है! कसम से. माल अपना है, माझ्या मागच्या गल्लीत बनतो, आठ बायका बसतात कामाला. लेबल फक्त चायना का लावतो."

"कशाला पण?" भाऊ किंचाळलेच.

"तो क्या करूं? उल्हासनगर लिहिलं तर गिऱ्हाईक हात पण लावत नाही. उलटा करके देखता है, रख देता है." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ये मॅडम जैसे."

सगळा चौक हसला. मी पण हसले, पण मला ते लागलं. बावीस वर्षं मी कुठल्या मालाला नाक मुरडत होते आणि कुठला गुपचूप पास करत होते, ते मलाच ठाऊक. त्या गृहस्थांनी नखानं खरवडून लेबल काढलं, तुकडा खिशात टाकला आणि डबी तबकात ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, घाम होता की काय कोण जाणे.

भाऊंच्या जिवात जीव आला. "बघा! शंभर टक्के स्वदेशी!" म्हणत त्यांनी कानातलं उचललं आणि आत्याकडे वळले. आत्यानं दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकले.

"थांब. जमीन किती आली ते सांग आधी."

"आज्जी, मी निवडून आलो की पहिल्याच सभेत त्या जमिनीचा ठराव मांडतो."

"कुठे?"

"महापालिकेत."

मला वाटलं आता हास्यकल्लोळ होणार, पण टाळ्या पडल्या. काही लोकांनी खरंच मनापासून वाजवल्या. आत्या टाळ्या संपेपर्यंत थांबली. मग तिनं कानांवरचे हात काढले, माईक स्वतःकडे ओढला आणि गावच्या अंगणात बोलली असेल त्याच आवाजात बोलली.

"तिकरची जमीन तुझे हातान नाय, मना कलतंय. दिल्लीवाल्यांचे पण हाय का नाय, देव जाणे. तू माजे दारानची चार फूट तेवढी दे परत. हलूहलू सरकत आलास नं? खुर्ची, मांडव, पत्रा, लादी? तसाच हलूहलू मागं जा. चार फूट दे, मी एका कानान घालते. दुसरा तिकरचे जमिनीसाठी ठेवते."

एवढं बोलून तिनं भाऊंच्या हातातलं कानातलं घेऊन डबीत टाकलं, डबी पदराच्या गाठीत बांधली आणि नारळ माझ्याकडे दिला. घरी येईपर्यंत मी रस्ताभर नाचायचीच बाकी होते. रिक्षावाल्यालाही सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, आज्जी कुठल्या पक्षाच्या?

रखडलेली निवडणूक एकदाची जाहीर झाली होती, भाऊंचं मतदान तीन आठवड्यांवर होतं आणि आत्या तोवर शेकडो फोनांवर पोचली होती. मंगळवारी पोरं आली, पत्रा उचकटला, लाद्या काढल्या. आत्या शिवणाची टेप घेऊन दारात बसली होती. साडेतीन फूट आली. राहिलेल्या अर्ध्या फुटात झेंड्याचा खांब होता, सिमेंट भरलेल्या पत्र्याच्या डब्यात रोवलेला. तो काही हलवेनात. झेंडा आहे, मान राखा म्हणाले.

"तो अर्धा फूट वादग्रस्त," आत्या म्हणाली. वर्तमानपत्र वाचण्याचा परिणाम. आणि जोवर तो वादग्रस्त, तोवर कानही वादग्रस्त.

मी हात जोडले, पाया पडले, भांडले. लग्नाला आठ दिवस, पाच दिवस, दोन दिवस राहिले. ती ढिम्म. "चार बोलला होता. साडेतीनवर मी गप्प बसले तर पुढले गणपतीत पुन्ना येल." तिचं बरोबर होतं, त्यानं माझा राग आणखी वाढला.

लग्नाच्या आदल्या दिवशी भर दुपारी, अंगावर हळदीची साडी, हातांना कोपरापर्यंत मेंदी, अशी मी कॅम्प पाचमध्ये उतरले. पाहुणे घरी सोडून. मेंदी ओली होती, म्हणून मी डब्याला पाठ लावली आणि पाय रोवून ढकलायला लागले. डबा इंचभरही हलला नाही. रस्त्यावर गर्दी जमली. त्या गर्दीतून ते कॅम्प तीनचे व्यापारी पुढे आले, आत्याला लग्नाचा आहेर द्यायला आले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि "हट मॅडम, आडवा करके लुढकाना पडेगा" म्हणाले. दोघांनी मिळून डबा तिरका केला. तेवढ्यात कार्यालयातून भाऊ बाहेर आले. मला वाटलं आता भांडण. त्यांनी आजूबाजूचे वर धरलेले फोन पाहिले, चपला काढल्या आणि डब्याला तिसरा खांदा दिला. "काकी, सांभाळून, मेंदी खराब होईल," असंही म्हणाले. झेंडा आधी कुणीतरी उतरवून आदरानं घडी घालून ठेवला होता. डबा धडधडत अर्धा फूट मागे गेला. मी सवयीनं त्याचं बूड बघितलं, तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

आत्यानं टेप लावली. दोनदा मोजलं. मग आत गेली आणि तुळस उचलून जुन्या जागेवर आणून ठेवली. मी तिथेच रस्त्यात बसून रडले आणि हसले, दोन्ही एकदम.

लग्नात आत्या हिरवं लुगडं नेसून आली. उजव्या कानात लाल खडा, डावा कान मोकळा. येणारा प्रत्येक पाहुणा तिला हळूच सांगायचा, की एक कानातलं पडलंय, आणि ती प्रत्येकाला सांगायची, पडलं नाही, यायचंय. माझ्या विहीणबाईंनी तर दोनदा खुर्च्यांखाली शोधलं. दुसरं कानातलं माझ्या पर्समध्ये होतं. ते तिनं सकाळीच माझ्या हातात दिलं होतं. "मी हाय तवर माझं, मंग तुझं," एवढंच म्हणाली. मी घाईनं पर्सची चेन ओढली, नाहीतर मेकअप गेला असता.

फोटोवाल्यानंही सांगितलं, "आज्जी, या बाजूनं वळा, तो कान मोकळा दिसतोय."

"दोनी बाजूनी काढ," आत्या म्हणाली. "मोकळा मना पायजे."

तो फोटो मी पोस्टकार्डाएवढा छापून दिला: आत्याची डावी बाजू, मोकळा कान, मागे मांडवाची झेंडूची माळ. दिल्लीचा पत्ता तिनं स्वतः लिहिला. मजकुराला चष्मा लावून बराच वेळ घेतला आणि लिहून झाल्यावर मला वाचायला दिला. माझ्या सवयीप्रमाणे मी आधी फोटो उलटा केला.

"एका कानाचे काम इथे झाले. दुसऱ्याचे कळवावे."